कार्डावरची सावकारी

महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराला बिगरतारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला 12 टक्क्यांपेक्षा आणि इतरांकडून 18 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली ठरवून दिलेले हे दर आहेत. त्याच कायद्याने सावकाराला चक्रवाढ व्याज लावायला मनाई केली आहे आणि मुद्दलापेक्षा जास्त रक्कम व्याजापोटी वसूल करण्यालाही बंदी घातली आहे. आता कोणत्याही क्रेडिट कार्डाच्या अटी उघडून बघा. थकलेल्या रकमेवर साधारणपणे महिन्याला साडेतीन टक्के, काही कार्डांवर पावणेचार टक्के व्याज आहे. म्हणजे वर्षाला 42 ते 45 टक्के. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा. गावच्या सावकाराने हा दर लावला तर त्याच्याविरुद्ध सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते. बँकेचा दर मात्र कायदेशीर आहे, कारण सावकारीचा हा कायदा बँकांना लागू होत नाही.

ही तफावत सुशिक्षित मराठी माणसाला खटकली पाहिजे. ज्या व्याजाच्या दराला आपण गावात पिळवणूक म्हणतो, तोच किंवा त्याहून मोठा दर आपली मुले शहरात पहिल्या पगारासोबत खुशीने स्वीकारतात, आणि आईवडीलही ‘मुलाला कार्ड मिळालं’ म्हणून कौतुक करतात. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही त्याने ते घेऊ नये, हे मला या लेखात निःसंदिग्धपणे सांगायचे आहे. त्यामागची कारणे आर्थिक आहेत आणि नैतिकही.

सावकारी म्हणजे काय, हे या मातीला शिकवावे लागत नाही. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकरी उठले आणि ते लोण पुणे-नगरच्या गावागावांत पसरले. त्या उठावात लोकांचा रोख मुख्यतः सावकाराच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती घ्यायचे आणि जाळायचे. न वाचता अंगठा उठवलेल्या कागदाने जमीन कशी जाते, हे त्यांनी भोगले होते. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. रोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता, हे तपासण्याचा अधिकार त्या कायद्याने न्यायालयांना दिला. व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये हा दामदुपटीचा नियम तर मुंबई इलाख्यातली न्यायालये त्याआधीपासून मानत आली होती.

पुढे लहानपणी मामाच्या घरी सावकारी कर्जाची झळ पाहिलेले गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनातून लोकांना कर्जापासून सावध करत राहिले. लग्नासाठी, देवासाठी, बाराव्या-तेराव्यासाठी कर्ज काढू नका, हे त्यांनी ज्या कळकळीने सांगितले ती कळकळ आज पुन्हा हवी आहे. तेव्हा रूढीच्या दडपणाने माणूस कर्ज काढायचा. आज जाहिरातीच्या दडपणाने काढतो. ऋण काढून सण साजरा करण्याची खोड तीच आहे. दिवाळीच्या सेलला ती मोबाइलच्या पडद्यावर येते, एवढाच फरक.

माणसांना गरज वाटली म्हणून कार्ड जन्माला आले, असा समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. 1958 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकाने सुमारे साठ हजार लोकांना टपालाने कार्डे पाठवली. त्यांतल्या कोणीही ती मागितलेली नव्हती. गावोगाव हा प्रकार इतका वाढला की न मागता कार्ड पाठवण्यावर तिथे 1970 मध्ये कायद्याने बंदी घालावी लागली. आपल्याकडे सेंट्रल बँकेने 1980 मध्ये कार्ड आणले, आणि आज देशात दहा कोटींहून जास्त क्रेडिट कार्डे आहेत. रिझर्व्ह बँकेलाही 2022 च्या निर्देशांत लिहावे लागले की न मागता कार्ड देऊ नये आणि ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून मर्यादा वाढवू नये. जी वस्तू लोकांच्या गळ्यात मारू नका असे नियामकाला बजावावे लागते, तिच्यात फायदा कोणाचा आहे हे ओळखणे अवघड नाही.

हा फायदा नेमका कुठे होतो, हे कार्डाच्या बिलावर दिसते. दर महिन्याच्या बिलावर दोन आकडे असतात. एक ‘एकूण देय रक्कम’, दुसरा ‘किमान देय रक्कम’. समजा एकूण देय 50,000 रुपये आहेत. किमान देय सहसा पाच टक्के, म्हणजे 2,500 रुपये. महिनाअखेर असते, मुलाची फी भरायची असते, आणि खाली 2,500 चा आकडा दिसतो. माणूस तेवढे भरतो, बिल भागले असे समजतो आणि निर्धास्त होतो. उरलेल्या 47,500 रुपयांवर साडेतीन टक्क्यांनी 1,662 रुपये व्याज चढते, त्यावर जवळपास 300 रुपये जीएसटी. पुढचे बिल येते 49,462 रुपयांचे. अडीच हजार भरून कर्ज कमी झाले फक्त 538 रुपयांनी.

असेच वर्षभर चालवा. त्या कार्डावर नवी एक काडेपेटीसुद्धा घेऊ नका, दर महिन्याला किमान रक्कम इमानेइतबारे भरा. बारा हप्त्यांत तुमच्या खिशातून सुमारे 28,300 रुपये जातील आणि कर्ज 50,000 वरून जेमतेम 43,900 वर येईल. बावीस हजारांवर रक्कम व्याज आणि करात गेली. यात उशीर झाल्याचा दंड धरलेला नाही, वार्षिक शुल्क धरलेले नाही. खरा हिशेब याहून जड असतो, कारण एकदा बिल पूर्ण भरले नाही की बिनव्याजी दिवसांची सवलत जाते. थकलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागते, आणि त्यानंतर केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून मीटर सुरू होते. कार्डावर एटीएममधून रोख रक्कम काढली तर बिनव्याजी दिवस मुळातच नाहीत. काढण्याचे शुल्क वेगळे आणि व्याज त्याच दिवसापासून.

राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने जुलै 2008 मध्ये निकाल दिला होता की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. व्याजदर ठरवण्याचा प्रश्न रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे, आयोगाला तो अधिकार नाही, असे न्यायालयाने म्हटले. बँकेने घेतलेले व्याज अवाजवी आहे या कारणावरून न्यायालयाने व्यवहार पुन्हा उघडू नये, अशी तरतूद बँकिंग नियमन कायद्यात 1984 पासून आहेच. निकालाबद्दल दुमत असू शकते, पण त्याचा अर्थ सामान्य माणसाने नीट समजून घ्यावा. कार्डाच्या व्याजाला आज कायद्याने ठरवलेले छत नाही. 1879 च्या कायद्याने सुप्याच्या शेतकऱ्याला न्यायालयात जे संरक्षण मिळाले, ते कार्डधारकाला मिळालेले नाही. म्हणून त्याचे संरक्षण त्याच्या स्वतःच्या नकारात आहे, आणि तो नकार सही करण्यापूर्वीच देता येतो.

‘आम्ही दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, आम्हाला एक पैसा व्याज लागत नाही, उलट पॉइंट मिळतात’ असे म्हणणारे अनेक आहेत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. शिस्तीने कार्ड वापरणारी माणसे मला माहीत आहेत. तरी त्यांनी तीन गोष्टींचा विचार करावा.

पहिली, खर्चाची. कार्डाने पैसे देताना हात सैल सुटतो. अमेरिकेतल्या एमआयटीत ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन संशोधकांनी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली, काहींना रोखीने आणि काहींना कार्डाने पैसे द्यायचे होते. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. ही हिशेब शिकलेली मुले होती. एक टक्क्याच्या पॉइंटसाठी दहा टक्के जादा खर्च करणारा माणूस फायद्यात नसतो, आणि आपण जादा खर्च केला हे त्याला कळतही नाही, कारण पाकिटातली नोट कमी झालेली दिसत नाही.

दुसरी, पॉइंटच्या पैशाची. ते कोणी स्वतःच्या खिशातून देत नाही. काही भाग दुकानदाराकडून घेतलेल्या शुल्कातून येतो, आणि दुकानदार तो किमतीत धरतो. रोखीने घेणारी कामवाली बाईही तीच किंमत मोजते. काही भाग थकबाकीदारांच्या व्याजातून आणि दंडातून येतो. म्हणजे नोकरी गेलेला, घरात आजारपण आलेला, किंवा केवळ हिशेबात कच्चा असलेला कोणीतरी 42 टक्क्यांनी व्याज भरतो, आणि त्यातून सुस्थितीतल्या माणसाला विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट नाश्ता मिळतो. ही वाटणी अन्यायाची आहे. सावकाराच्या वाड्यात पाहुणा म्हणून जेवणाऱ्यानेही, हे जेवण कुठून आले, असा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

तिसरी, उदाहरणाची. घरातला कर्ता माणूस कार्ड वापरतो ते बघून मुलगा कार्ड घेतो, आणि मुलाकडे वडिलांची शिस्त असेलच असे नाही. लातूरहून, जळगावहून पुण्यात आलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. पहिला पगार खात्यात पडतो आणि दुसऱ्याच आठवड्यात फोन सुरू होतात. वार्षिक शुल्क नाही, कागदपत्रे नाहीत, फक्त एक ओटीपी सांगा. पगाराच्या दुपटी-तिपटीची मर्यादा मिळते, आणि ती मर्यादा त्याला आपलीच रक्कम वाटू लागते. फोन हप्त्यावर येतो, मित्राच्या वाढदिवसाचे बिल कार्डावर जाते. जून 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी जाहीर केल्यापासून चहाच्या टपरीचा क्यूआर कोडसुद्धा उधारीवर चालतो. पूर्वी उधारी मागताना वाण्याच्या तोंडाकडे बघावे लागायचे, त्या संकोचाने माणूस सावरायचा. आता संकोचालाच जागा उरलेली नाही.

‘विनाखर्च हप्ता’ या प्रलोभनाबद्दलही सांगितले पाहिजे. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना स्पष्ट बजावले होते. व्याज कधी वस्तूच्या किमतीत मुरवलेले असते, कधी रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट नाकारून वसूल होते, कधी प्रक्रिया शुल्क आणि जीएसटीच्या रूपाने येते. ज्याला वस्तू खरोखर हवी आहे त्याने सहा महिने पैसे साठवावेत. त्या सहा महिन्यांत निम्म्या वस्तू नकोशा होतात, हा अनुभव ज्याने घेतला त्याला वेगळे समजवावे लागत नाही.

‘अडीनडीला असू द्यावे’ हा युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्याची दखल गांभीर्याने घेतली पाहिजे, कारण अडचणी खऱ्या असतात. पण अडचणीतल्या माणसाला सर्वांत महाग कर्ज का द्यायचे? बँकेत मुदत ठेव असेल तर ती न मोडता तिच्यावर ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने उचल मिळते. बँकेचे सोनेतारण कर्ज कार्डाच्या व्याजाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या दराने मिळू शकते. कारखाना, शाळा, पोस्ट, एसटी, महापालिका अशा कितीतरी ठिकाणी पगारदारांच्या सहकारी पतसंस्था आहेत. सावकाराच्या दाढेतून सामान्यांना सोडवण्यासाठीच 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि महाराष्ट्राने तो मार्ग मनापासून धरला. ओळखीच्या माणसांसमोर कर्ज मागायला लागते, जामीन द्यावा लागतो, म्हणून ते नकोसे वाटते. पण ती ओळख आणि तो जामीनच माणसाला झेपेल तेवढेच कर्ज काढायला लावतो. इस्पितळाच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती प्रत्येक घरात असावी. आणि या सर्वांआधी तीन महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात बाजूला पडलेला असावा. हे एका वर्षात होणार नाही, पण कार्डाच्या हप्त्यात जाणारे अडीच हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकले तर वर्षात तीस हजार हाताशी येतात.

‘सिबिल स्कोअरसाठी कार्ड लागतेच’ अशीही एक भीती घातली जाते. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ आधीचा कर्जाचा इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना सल्ला आहे. घरकर्ज मिळते ते नियमित उत्पन्न, कागदपत्रे आणि परतफेडीची ताकद बघून. वेळेवर फेडलेले एक छोटे सोनेतारण कर्जही इतिहास तयार करते. उलट कार्डाचा एक चुकलेला हप्ता स्कोअर बिघडवतो. चांगला कर्जदार ठरण्यासाठी आधी कर्जात पडावे, हा सल्ला देणाऱ्याचे हित त्या कर्जात असते, हे विसरू नये.

बिगरतारण ग्राहक कर्जे फार वेगाने वाढू लागली, तेव्हा नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या येणे रकमेवर बँकांनी राखायच्या भांडवलाचे प्रमाण वाढवले. उद्या ही कर्जे बुडाली तर धक्का सोसता यावा म्हणून बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवायला सांगितले. बँकेच्या भांडवलाची काळजी घेणारी संस्था आहे. तुमच्या घराच्या भांडवलाची काळजी तुम्हालाच घ्यायची आहे.

ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी खचून जाऊ नये. बाहेर पडायचा रस्ता आहे. थकबाकी असेल तर आधी कार्डावरची खरेदी पूर्ण थांबवा. मग पतसंस्थेचे किंवा सोनेतारणाचे स्वस्त कर्ज घेऊन कार्डाचे देणे एकरकमी फेडा, आणि नवे कर्ज ठरलेल्या हप्त्यांत संपवा. फेडल्यावर कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवू नका, लेखी अर्ज करून बंद करा. थकबाकी नसेल तर अर्ज मिळाल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करणे संस्थेवर बंधनकारक आहे. उशीर केला तर दिवसाला 500 रुपये दंड तिने तुम्हाला द्यायचा आहे. वसुलीचे एजंट सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत, नातेवाइकांपुढे अपमान करू शकत नाहीत. असे घडले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याविषयीची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते. कर्ज झाले म्हणजे अब्रू गेली असे समजून गप्प बसणाऱ्यांचीच सर्वांत जास्त पिळवणूक होते. घरात सांगा. बायकोपासून, नवऱ्यापासून, वडिलांपासून लपवलेले कार्ड घराचा घात करते.

हे काम एकट्या व्यक्तीवर सोडून चालणार नाही. महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुलाखतीला कसे बसावे हे शिकवताना एक तास कार्डाचे बिल वाचायलाही शिकवावे. कंपन्यांनी रुजू होण्याच्या दिवशी कार्डवाल्यांचे टेबल लावू देऊ नये. गणेश मंडळांनी, महिला बचत गटांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी वरचा पन्नास हजारांचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. बचत गटात शंभर-दोनशे रुपयांची बचत करून एकमेकींना रास्त दराने कर्ज देणाऱ्या बायांना हा हिशेब लगेच समजेल. शहरातल्या पदवीधराने तो त्यांच्याकडून शिकण्यात काही कमीपणा नाही.

तरुण मित्रांनो आणि मैत्रिणींनो, तुमच्यासाठी शेवटची विनंती. पुढच्या वेळी फोन येईल, ‘तुम्हाला कार्ड मंजूर झालं आहे’ असे कोणी सांगेल, तेव्हा त्या मुलाशी सौजन्याने बोला, तोही पोटासाठी नोकरी करतो. पण ओटीपी सांगू नका, सही करू नका. जे कमावले नाही ते खर्च करणार नाही, आणि जे साठवले आहे त्यातूनच घेईन, एवढा एक निश्चय पहिल्या पगारालाच करा. तुमच्या पणजोबांनी अंगठा उठवला तेव्हा त्यांना कागद वाचता येत नव्हता. तुम्हाला वाचता येतो. म्हणून आधी वाचा, आणि मग स्पष्ट नाही म्हणा.